अँटवर्पची तिजोरी, सलामीचं सँडविच आणि आपला सराफा

प्रश्न असा आहे. इंदूरच्या सराफ्यात आजोबांपासून पेढी असलेल्या घरातला एक तरुण विचारतो: "काका, अँटवर्पच्या २००३ च्या हिरेचोरीबद्दल फार ऐकलंय. एवढा बंदोबस्त असताना ते लोक आत शिरले कसे? पकडले गेले कसे? आणि पकडले गेले तरी हिरे का सापडले नाहीत? आपल्याकडे असं होऊ शकतं का? बाबा म्हणतात, आपली तिजोरी कोणाचा बाप फोडू शकत नाही."

बाबांचं म्हणणं खरं असेल. पण तिजोरी फोडायची वेळ चोरावर क्वचितच येते, आणि अँटवर्पला तर ती आलीच नाही. मी जनरल इन्शुरन्सचा सर्व्हेअर. सराफांच्या 'ज्वेलर्स ब्लॉक' पॉलिसीचे (म्हणजे दुकानातल्या मालाच्या विम्याचे) क्लेम तपासत इंदूर, उज्जैन, देवास या पट्ट्यात माझी नोकरी-धंद्याची वर्षं गेली. पोलिसांचा पंचनामा आटोपला की आमची पाळी येते. चोरी कोणी केली हे पोलीस बघतात. आम्ही विचारतो काय होतं, कुठे ठेवलं होतं आणि किल्ली कोणाजवळ होती. पहिल्या दोन प्रश्नांना मालक धडाधड उत्तरं देतो, तिसऱ्याला घसा खाकरतो. त्यामुळे अँटवर्पचं प्रकरण मी वाचलं ते किल्लीच्या बाजूने.

जागा आधी समजून घे. अँटवर्प हे बेल्जियममधलं बंदराचं शहर. तिथल्या मोठ्या रेल्वे स्टेशनाजवळ दोन-तीन गल्ल्यांत सगळा हिरेबाजार एकवटलाय, आणि त्या धंद्याचा मोठा वाटा आपल्या पालनपुरी आणि काठियावाडी घराण्यांकडे आहे. या गल्ल्यांत 'डायमंड सेंटर' नावाची इमारत. वर भाडेकरू व्यापाऱ्यांची ऑफिसं आणि रस्त्याच्या खाली दोन मजले खोल सगळ्यांची मिळून एक स्ट्राँगरूम. तिच्यात १८९ लॉकर. दार जवळपास तीन टन पोलादाचं. त्यावर ० ते ९९ आकड्यांची डायल, चार आकडे जुळवायचे, म्हणजे दहा कोटी शक्यता. शिवाय हातभर नाही पण वीतभराहून मोठी, फूटभर लांब किल्ली. दारावर एक आणि चौकटीवर एक अशा दोन चुंबकी पट्ट्या. दार उघडलं की त्या एकमेकींपासून लांब जातात आणि अलार्म वाजतो. दाराला हादरा बसला तर कळवणारा सेन्सर वेगळा. आत उजेड, उष्णता आणि हालचाल टिपणारे सेन्सर. गल्लीत पोलिसांचे कॅमेरे, चौकी हाकेच्या अंतरावर.

लिओनार्दो नोटारबार्तोलो हा इटलीतल्या तोरिनोचा माणूस. चोरीच्या दोन वर्षांहून जास्त आधी त्याने या इमारतीत ऑफिस भाड्याने घेतलं. दागिन्यांचा व्यापारी म्हणून राहिला, वेळेवर भाडं भरलं, लोकांशी गोड बोलला. भाडेकरू म्हणून ओळखपत्र मिळालं आणि त्याच स्ट्राँगरूममध्ये लॉकरही. म्हणजे ज्या खोलीत चोरी करायची त्या खोलीत तो रीतसर, दिवसाढवळ्या, हक्काने जात होता. दार कधी उघडतात, कोण उघडतं, किल्ली कुठून आणतात, सेन्सर कुठे बसवलेत, हे सगळं त्याला उभ्या उभ्या दिसत होतं. रात्री छपरावरून दोरी सोडणारा चोर लोकांना आवडतो. माझ्या मते या गुन्ह्यातलं सगळ्यात मोठं काम त्या भाडेकराराच्या दिवशीच झालं होतं.

चोरी झाली १५ आणि १६ फेब्रुवारी २००३ च्या शनिवार-रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी स्ट्राँगरूम बंद झाली की ती थेट सोमवारी सकाळी उघडायची. मधल्या वेळात खाली कोणी माणूस बसत नसे, सगळी भिस्त अलार्मवर.

आता एकेक सेन्सरकडे बघ, कारण इथे त्यांची करामत आहे. आतल्या उष्णता-हालचालीच्या सेन्सरवर नोटारबार्तोलोने आदल्या दिवशी, आपल्या लॉकरला जायच्या निमित्ताने, बायका केसांना मारतात तो साधा हेअरस्प्रे मारून ठेवला. त्या पारदर्शक थराने सेन्सरला खोलीतला उष्णतेचा फरक काही काळ कळेनासा झाला. चुंबकी पट्ट्यांचं तर फारच सोपं आणि फारच हुशार. त्यांनी ॲल्युमिनियमचा एक जाड तुकडा बनवून आणला, त्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी दणकट टेप लावली आणि तो दोन्ही पट्ट्यांवर मिळून चिकटवला. मग पट्ट्यांचे बोल्ट काढले. पट्ट्या दारापासून सुटल्या, चौकटीपासून सुटल्या, पण एकमेकींना धरूनच राहिल्या. तशाच त्या जोडीने बाजूला सरकवून भिंतीला चिकटवल्या. दार सताड उघडलं, तरी अलार्मच्या लेखी ते बंदच. उजेडाच्या सेन्सरवर काळी टेप. हादऱ्याच्या सेन्सरला तर काही करायचीच गरज पडली नाही, कारण कोणी हादरा दिलाच नाही.

सोमवारी सकाळी बेल्जियन पोलिसांच्या हिरे पथकाचे पॅट्रिक पेस तिथे पोचले आणि त्यांनी अलार्म कंपनीला फोन लावला. पलीकडून सांगितलं गेलं की यंत्रणा चालू आहे, स्ट्राँगरूम सुरक्षित आहे. पेस तेव्हा उघड्या दारातून आत जाऊन फोडलेल्या लॉकरांमध्ये उभे होते.

उरली डायल आणि किल्ली. आकड्यांबद्दल नोटारबार्तोलोने नंतर सांगितलेली कथा अशी की दारासमोर वर एक बारीक कॅमेरा लपवला होता, त्याचं चित्र जवळच्या अग्निशामक नळकांड्यात दडवलेल्या यंत्रात साठत होतं, आणि त्यावरून आकडे मिळाले. असेल. पण मी जितक्या डायलच्या तिजोऱ्या बघितल्यात, त्यांतल्या किती तरी संध्याकाळी नुसत्या किल्लीने बंद होतात. डायल फिरवून आकडे मोडायचे राहतात, कारण सकाळी पुन्हा जुळवत बसायचा कंटाळा. मुनीम म्हणतो, "भिया, किल्ली तर माझ्याकडेच आहे ना!" दहा कोटी शक्यता तिथेच संपतात. किल्लीचं तर अँटवर्पलाही तेच. फूटभर लांबीची, नक्कल करायला अवघड अशी ती किल्ली स्ट्राँगरूमजवळच्या अडगळीच्या खोलीत ठेवलेली असायची. चोरांनी नक्कल बनवायची तयारी केली होती, ती न वापरता असली किल्लीच उचलली.

आत गेल्यावर मात्र हमाली होती. हाताने फिरवायच्या अवजाराने एकेक लॉकरचं कुलूप मोडत त्यांनी शंभराहून जास्त लॉकर उघडले. जे नको होतं ते जमिनीवर फेकलं. सकाळी फरशीवर रिकामे डबे, कागद, दागिने, अवजारं यांचा खच पडलेला होता. इमारतीच्या कॅमेऱ्यांच्या टेप मात्र आठवणीने काढून नेल्या. नुकसानीचा अंदाज दहा कोटी डॉलरच्या वर गेला.

इथपर्यंत चूक कोणाची? इमारतीची. इथून पुढे चोरांची. दोन वर्षं ज्यांनी धीर धरला त्यांना शेवटचा एक तास धरवला नाही.

अँटवर्पहून ब्रसेल्सकडे जाणारा ई-१९ महामार्ग आहे. त्याच्या कडेला जंगलाचा एक छोटा पट्टा. चोरांनी चोरीत वापरलेल्या वस्तू, रिकामी पाकिटं, टेप, खाण्यापिण्याचा उष्टा पसारा, सगळं पिशव्यांत भरून गाडीत घातलं होतं. नोटारबार्तोलोच्या म्हणण्याप्रमाणे ते लांब फ्रान्समध्ये नेऊन जाळायचं ठरलं होतं, पण बरोबरचा साथीदार घाबरला आणि त्याने वाटेतच या झाडीत पसारा टाकून दिला. नेमकी ती जागा अशा एका निवृत्त किराणा दुकानदाराच्या जमिनीलगत होती, ज्याला पोरं येऊन तिथे कचरा करतात याचा भयंकर राग होता आणि जो त्यासाठी वरचेवर पोलिसांना फोन करायचा. यावेळी फोनवर त्याने सांगितलं की कचऱ्यात डायमंड सेंटरच्या नावाची पाकिटं आहेत. एरवी कंटाळणारे पोलीस यावेळी धावत आले.

(आपण इंदूरवाले २०१७ पासून ओला-सुका वेगळा करून गाडीत टाकतो. हे गडी आपल्याकडे असते तर गाडीवाल्यानेच पिशवी परत केली असती.)

त्या कचऱ्याचं पुढे काय झालं ते नीट वाच, कारण खरा तपास तिथे झाला. सराफ्यात झारेकरी जसा कारागिराच्या बैठकीखालची धूळ धुऊन, चाळून, तीतून सोन्याचा कण काढतो, तसंच हे काम. झाडीत उलगडून पडलेल्या टेप, हिरवे बारीक खडे, फाटलेले कागद. पोलिसांनी सगळं गोळा करून तुकड्याला तुकडा जोडला. एका फाटक्या बिलाचे तुकडे जुळले तेव्हा ते अंधुक उजेडात चालणाऱ्या कॅमेरा-यंत्रणेचं बिल निघालं. खरेदीदाराचं नाव लिओनार्दो नोटारबार्तोलो. दुसऱ्या एका कागदावर एलिओ दोनोरिओ याचं नाव, हा अलार्मच्या कामातला जाणकार. आणि अर्धवट खाल्लेलं सलामीचं सँडविच.

बिलावरचं नाव मिळालं म्हणजे गुन्हा सिद्ध होत नाही. इमारतीतला भाडेकरू कॅमेरा विकत घेऊ शकतो. पोलिसांच्या हातात एक धागा आला एवढंच. पण चोरीनंतरच्या शुक्रवारी नोटारबार्तोलो स्वतःच डायमंड सेंटरमध्ये परत आला. न आला असता तर संशय बळावला असता, असा त्याचा हिशेब असावा. पहारेकऱ्याने त्याला ओळखलं, बोलण्यात गुंतवलं, तेवढ्यात पोलीस पोचले. त्याच सुमारास त्याच्या भाड्याच्या घरातून त्याची माणसं एक गुंडाळलेला गालिचा बाहेर काढत होती. तो गालिचा झाडून-शोषून घेतला तेव्हा त्यात बारीक रत्नं निघाली. घरात सलामीच्या खरेदीची दुकानाची पावती मिळाली. पोलीस त्या दुकानात गेले, पावतीवरची तारीख आणि वेळ घेऊन दुकानाच्या कॅमेऱ्याची टेप मागे फिरवली, आणि तिच्यात फर्दिनांदो फिनोत्तो हा तोरिनोचाच जुना गुन्हेगार सलामी विकत घेताना दिसला. सँडविचवरून डीएनए मिळाला तो वेगळाच. मग फोन. तात्पुरत्या सिमकार्डांवरचे कॉल एकमेकांना जोडत गेल्यावर टोळीचा नकाशा उभा राहिला.

त्यातला मला सगळ्यात आवडणारा पुरावा तोरिनोत निघाला. नोटारबार्तोलोच्या तिथल्या घरातल्या तिजोरीत पैलू पाडलेले १७ हिरे होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांची प्रमाणपत्रंही होती. बेल्जियन पोलिसांनी ती पडताळून पाहिली, ते हिरे डायमंड सेंटरच्या स्ट्राँगरूममधले होते. एवढा मुरलेला चोर, पण प्रमाणपत्र फेकायला त्याचा हात धजला नाही. कारण प्रमाणपत्राशिवाय हिऱ्याचा भाव पडतो, हे त्यालाही ठाऊक.

२००५ मध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने नोटारबार्तोलोला दहा वर्षं, आणि दोनोरिओ, फिनोत्तो व पिएत्रो तावानो या तिघांना पाच-पाच वर्षं शिक्षा दिली. २००९ मध्ये नोटारबार्तोलो पॅरोलवर सुटला, अटी मोडल्या म्हणून २०१३ मध्ये पुन्हा पकडला गेला. टोळीतला कुलपांचा उस्ताद कधीच हाती लागला नाही, आणि मालाचा बहुतेक भागही नाही.

तुरुंगात असतानाच नोटारबार्तोलोने एक वेगळीच गोष्ट सांगितली. म्हणे एका हिरे-व्यापाऱ्यानेच हे काम दिलं होतं, स्ट्राँगरूमची हुबेहूब नक्कल उभारून सराव करवला होता, व्यापाऱ्यांनी आपला माल आधीच हलवला होता, आणि हाती फक्त दोन कोटी डॉलरचा माल लागला. बाकी सगळा विम्याचा खेळ. मी विम्यातला माणूस असल्यामुळे लोक मला हटकून हे विचारतात. मला ती कथा पटत नाही. फोडलेले लॉकर शंभराच्या वर, वेगवेगळ्या मालकांचे, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचे. त्यांतल्या दहा जणांनी जरी शुक्रवारी माल हलवला असता, तर सोमवारपर्यंत सगळ्या गल्लीत बभ्रा झाला असता. बाजार आपला असो की त्यांचा, कोणी माल काढला आणि कोणी घातला हे शेजारच्या पेढीला आधी कळतं. खोटे क्लेम मी बघितलेत. ते करणारा माणूस साक्षीदार कमी ठेवतो.

हिरे का सापडले नाहीत, याचं उत्तर इंदूरच्याच दोन हिऱ्यांवरून देतो. तुकोजीराव होळकरांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे पेढीकडून नासपतीच्या घाटाचे दोन हिरे घेतले, ४६.९५ आणि ४६.७० कॅरेटचे. जगात ते 'इंदूर पेअर्स' म्हणून ओळखले जातात. असा हिरा चोरणारा माणूस तो विकणार कोणाला? जगातला प्रत्येक मोठा जवाहिऱ्या त्याला तोंडाने ओळखतो. पण १९४६ मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याने ते विकत घेतले आणि रीतसर, उजळ माथ्याने पुन्हा पैलू पाडून घेतले, तेव्हा दोन्हींचं वजन ४४ कॅरेटच्या घरात आलं. मालकाने केलं ते चोरही करू शकतो. आणि अँटवर्पच्या लॉकरांत बहुतेक माल बिनचेहऱ्याचा होता, लहान हिऱ्यांच्या पुड्या. एका पुडीतले दाणे दुसऱ्या पुडीत मिसळले की ब्रह्मदेवालाही ते वेगळे करता येणार नाहीत. कच्च्या हिऱ्यांच्या निर्यातीला प्रमाणपत्र सक्तीचं करणारी किंबर्ले प्रोसेस त्याच २००३ मध्ये सुरू झाली, पण ती फक्त कच्च्या मालाला लागू. पैलू पडले की तो हिरा त्या चौकटीबाहेर. कडेवर लेझरने कोरलेला प्रमाणपत्राचा नंबर असतो, तोही घासून काढता येतो.

सोन्याचं तर विचारूच नको. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख-नंबर, सक्तीचा झाला. ग्राहकासाठी ती चांगली गोष्ट आहे. चोरीसाठी तिचा उपयोग मूस तापेपर्यंत. दागिना लगडीत उतरला की नंबरही गेला, घाटही गेला. म्हणून आपल्याकडचे पोलीस चोरी झाल्यावर आधी मोड (जुनं सोनं) घेणाऱ्यांच्या आणि गाळणाऱ्यांच्या दारात जातात, आणि म्हणूनच सराफ्यात चोरीचा माल घेण्याच्या जुन्या ४११ कलमाची एवढी धास्ती. आता भारतीय न्याय संहितेत ते ३१७ झालंय, धास्ती तीच आहे. अनोळखी माणसाकडून मोड घेताना ओळखपत्राची प्रत आणि फोटो ठेवायचा आळस करू नकोस.

मुंबईचं एक प्रकरण बघ, तिथे तर हेअरस्प्रेही लागला नाही. १९ मार्च १९८७, ऑपेरा हाउसजवळचं त्रिभोवनदास भीमजी झवेरींचं दुकान. एका माणसाने वर्तमानपत्रात गुप्तहेर आणि सुरक्षा अधिकाऱ्यांच्या जागांची जाहिरात देऊन ताज हॉटेलात मुलाखती घेतल्या, निवडलेल्या लोकांना 'सराव' म्हणून बसने आणलं आणि सीबीआयची म्हणून नकली धाड घातली. धाडीतली माणसं प्रामाणिक होती, त्यांना खरंच नोकरी लागल्यासारखं वाटत होतं. दागिन्यांचे 'नमुने' सीलबंद झाले, साहेब ते घेऊन बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. आजतागायत सापडले नाहीत. त्याने मागे कचरा ठेवला नाही, बायोडाटा घेऊन आलेले बेकार तरुण ठेवले, आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं.

उलट लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या बाजारात एप्रिल २०१५ च्या ईस्टरच्या सुट्टीत म्हाताऱ्या चोरांनी खरोखर लॉकरखोलीची भिंत फोडली. हिल्टीच्या मोठ्या ड्रिलने अर्ध्या मीटर जाडीच्या काँक्रीटला तीन भोकं पाडली. तिथे अलार्म वाजला होता. पहारेकरी आला, बाहेरून बघून परत गेला. अवजार बिघडलं म्हणून चोर निघून गेले, दुसरं घेऊन पुन्हा आले, तरी कोणाला पत्ता नाही. पण त्यातल्या एकाने स्वतःची पांढरी मर्सिडीज आणली होती. रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांनी ती टिपली, पोलिसांनी गाड्यांत ऐकण्याची यंत्रं लपवली आणि आजोबा लोक आपल्याच तोंडाने सगळं बोलून बसले. १९ ऑक्टोबर २०२५ ला पॅरिसच्या लूव्रमधून आठ राजदागिने आठ मिनिटांच्या आत गेले. पळताना सम्राज्ञी युजेनीचा मुकुट रस्त्यात पडला, आणि मागे टाकलेल्या वस्तूंवरच्या डीएनएने आठवड्याभरात पहिल्या अटका झाल्या.

आता आपल्याकडचं. इंदूरच्या सराफ्याला एक जुना पहारा आहे, खाऊगल्लीचा. संध्याकाळी पेढ्यांची शटरं पडली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, मालपुवे मांडले जातात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी हटत नाही. जुने सराफ खाऊवाल्यांना ओटा देण्यामागे हाही हिशेब सांगतात, की माणसांची वर्दळ असेल तिथे चोर शटरला हात लावणार नाही. हिशेब पक्का आहे. पण तो दोन वाजेपर्यंतचा. त्यानंतर झाडूवाले येईपर्यंत ती गल्ली मोकळी असते, आणि वर्दळीत उभं राहून कोणत्या पेढीचं कोणतं शटर कधी पडतं हे बघणारा माणूस गराडू खातच बघतो. नोटारबार्तोलोने ऑफिसचं भाडं भरलं, इथे प्लेटचे पैसे भरले की झालं.

एक प्रकरण सांगतो, माळव्यातल्या एका लहान गावचं. शटरचं कुलूप कापलेलं, आतली तिजोरी उघडी, माल गेला. मालक रडत होता, खोटा नव्हता. मी तिजोरीच्या किल्लीच्या भोकावर टॉर्च धरून भिंगातून बघितलं. जबरीने उघडलं असेल तर पितळेच्या कडेवर चमकत्या ताज्या रेघा दिसतात, भोकाची कड दबते, आत धातूचा चुरा सापडतो. तिथे जुन्या वापराचा काळपट गुळगुळीतपणा तेवढा होता. म्हणजे तिजोरी किल्लीने उघडली होती. दुसरी किल्ली कुठे, विचारलं. देव्हाऱ्यात, लक्ष्मीच्या फोटोमागे. देव्हारा दुकानातच. बहुतेक पॉलिसींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की किल्लीने किंवा तिच्या जोडकिल्लीने तिजोरी उघडून झालेली चोरी भरून मिळणार नाही, किल्ली मारहाण करून किंवा धमकी देऊन घेतली असेल तरच मिळेल. त्याचा क्लेम गेला. अँटवर्पची अडगळीची खोली आणि हा देव्हारा, मला यात काही फरक दिसत नाही.

याच पॉलिसीत आणखी दोन अटी असतात, त्या बाबांना वाचून दाखव. रात्री दर्शनी कपाटात किंवा तिजोरीबाहेर राहिलेला माल धरला जात नाही. आणि नोकर, दलाल किंवा ग्राहक यांच्याकडे विश्वासाने दिलेल्या मालाची त्यांनीच अफरातफर केली तर ती चोरी म्हणून धरत नाहीत. जांगडवर, म्हणजे विक्री ठरण्याआधी पसंतीसाठी दिलेला माल यातच येतो.

माल बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला तर? चांगलं, पण हिशेब समजून. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँक कर्मचाऱ्याची लबाडी यात लॉकरचं नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं ४,००० रुपये असेल तर ४ लाख, आत चाळीस लाखांचा माल असला तरी. आत काय आहे हे बँकेला माहीतच नसतं. अँटवर्पच्या नुकसानीचा आकडा अजून अंदाजातच राहिला त्याचंही हेच कारण: लॉकरमध्ये काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

आणि वाईट वेळ आलीच तर पोलीस येईपर्यंत काही आवरू नको. आपल्या लोकांना सवय असते, शेजारी गोळा होतात, कोणी पाण्याचा तांब्या आणतो, कोणी पडलेले डबे उचलून काउंटरवर ठेवतो, आणि वहिनी केरसुणी घेऊन उभ्या राहतात. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आता फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर यायचं असतं आणि झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण व्हायचं असतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी तरतूद आहे. त्यांच्यासाठी जमिनीवरचा पसाराच कामाचा. अँटवर्पला जंगलातला तो कचरा त्या दुकानदाराने रागाच्या भरात पेटवून दिला असता तर खटला उभाच राहिला नसता.

तिजोरी बदलायची का, असं तू विचारशील. जुनी भारी तिजोरी असेल तर राहू दे, एकदा कंपनीच्या मेकॅनिककडून बिजागऱ्या आणि बोल्ट तपासून घे. डायल असेल तर रोज संध्याकाळी ती फिरवून आकडे मोडायचे, आणि हे काम मुनिमाचं नाही, तुझं. दुसरी किल्ली दुकानातून आणि घरातूनही काढून बँकेत ठेव. प्रमाणित हिऱ्यांचे नंबर, वजनं आणि फोटो यांची यादी कर, पण ती मालाबरोबर तिजोरीत ठेवू नकोस; तोरिनोतले १७ हिरे ओळखता आले ते नंबरांमुळेच.

आणि विम्याची रक्कम बघ. सोन्याचा भाव चढला तशी ती तुम्ही वाढवली नसेल, असा माझा अंदाज आहे, कारण कोणीच वाढवत नाही. दुकानात ४ कोटींचा माल आणि पॉलिसी २ कोटींची असेल, तर १ कोटीची चोरी झाल्यावर हातात ५० लाखच येतात. उरलेल्या निम्म्या मालाचा विमा तुम्ही स्वतःच केलाय, असं कंपनी धरते. धनत्रयोदशीसाठी स्टॉक भरायच्या आधी, नवरात्रातच एजंटला बोलावून वाढीव रकमेचं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी नोंद, करून घे.